चढ, उतार आणि आमचे व्याही

आमच्या व्याह्यांच्या हिशेबाने जगात डावं-उजवं असं काही नव्हतंच. होता तो फक्त चढ आणि उतार. जालना शहराच्या कडेला, दोन बुटक्या माळांच्या मधल्या खोलगटीत त्यांचं गाव. मधून ओढा, दोन्ही अंगांना ज्वारी आणि कापूस. आम्ही त्याला खड्डा म्हणायचो. व्याही ‘खोरं’ म्हणायचे, तेही असं, की ऐकणाऱ्याने सावरून बसावं.

नव्वदच्या सुमारास लेकीसाठी स्थळ बघायला गेलो, तर त्यांनी आम्हाला ओसरीवर टेकूच दिलं नाही. “आधी खोरं बघा, मंग पोरगा,” म्हणत थेट माळावर नेलं. कुठलं पाणी कुठून येतं, ओढा कुंडलिका नदीला कुठे मिळतो, हे बोट फिरवून सांगेपर्यंत घरात पोह्यांचा दगड झाला. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला म्हणाले, “बुंदी चढाकडून येऊ दे.” तो बिचारा बादली घेऊन मांडवात मधेच उभा. पोरगा मात्र चांगला निघाला. जालन्यात नोकरी लागली, छोटं घरही झालं.

विहीणबाई गेल्यावर व्याही गावात एकटे पडले. एकदा चुलीपाशी चक्कर येऊन पडले, तेव्हापासून माझ्या लेकीच्या जिवाला घोर लागला. “मामा, आमच्याकडं चला,” म्हणून ती थकली. ते मला म्हणाले, “पाव्हणं, तुमची विहीण वढ्याकाठी हाय. तिला टाकून मी खोऱ्याबाहेर न्हाई येत.” मी चार दिवसांच्या बोलीवर त्यांना कसंबसं लेकीकडे आणलं.

आल्या आल्या त्यांनी तांब्या मागितला, अंगणात पालथा केला आणि ओघळामागे काठी टेकत निघाले. मी मागोमाग. ओघळ नालीत गेला, नाली वळणं घेत शहराबाहेर ओढ्यात. तिथे त्यांनी ओढा खाली कुठे वळतो ते काठीने ताडून पाहिलं.

“हा तर आपलाच वढा हाय की, बराबर. म्हंजी पोराच्या अंगणातलं पाणी तिच्यापावतर जातंय. मी उगाच परमुलूख समजून राह्यल्तो.”

मधल्या नालीचा विषय मी काढला नाही.

मग ते राहिले ते कायमचे. रोज अंघोळ झाली की एक तांब्या अंगणात उताराला सोडायचे आणि तो दिसेनासा होईपर्यंत बघत बसायचे.

आता तेही ओढ्याकाठीच आहेत. मला त्यांची फार आठवण येते. लेकीकडे गेलो की जेवून मी हात मोरीत धूत नाही, अंगणात येतो.  लेक तांब्या आणून देते आणि उताराच्या बाजूने जरा सरकून उभी राहते.