सिनेमात न आलेली बहीण

एअरवेन प्रॉबर्टने एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना बटाटे वाढले, पण कुणावर कधी आवाज चढवला नाही. तो चढला गावच्या रग्बी क्लबच्या हॉलमध्ये, सगळ्या गावादेखत.

तिचा धाकटा भाऊ गेथिन गावच्या संघातून रग्बी खेळायचा. डोकं आपटून बेशुद्ध पडला की प्रशिक्षक हेडन तोंडावर पाणी मारायचा आणि त्याला पुन्हा मैदानात ढकलायचा. बावन्नाव्या वर्षी गेथिन घरची वाट विसरला. बायको सोडून गेली, मुलगा येस्तिन दूर कार्डिफ शहरात. एअरवेनने भावाला आपल्या घरी आणलं आणि नऊ वर्षं घास भरवला.

अशात येस्तिनने बापावर छोटासा सिनेमा काढला. कॅमेरा घेऊन चार दिवस आला, गेला. सिनेमात बापलेक धुक्यातल्या मैदानात गळ्यात गळा घालून उभे होते. हेडन डोळे पुसत म्हणत होता, "गेथिन म्हणजे वाघाचं काळीज." एअरवेनचा एकदा कप धरलेला हात तेवढा दिसला.

क्लबच्या हॉलमध्ये तो दाखवला, तेव्हा टाळ्या थांबेनात. ती उठली.

"काळीज वाघाचं होतं, मग डोकं कुणी फोडलं रे हेडन?"

"खाली बस, एअरवेन. तेव्हा सगळे तसेच खेळायचो."

"तू कडेला उभा राहून खेळायचास. एका शनिवारी डोकं आपटल्यावर त्याला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. मी तुझ्या हातापाया पडले. तू म्हणालास, बायकांनी चहाचं बघावं."

येस्तिन घाईने पुढे आला. "आत्या, सिनेमा प्रेमाबद्दल आहे."

"मग उद्या सकाळी ये आणि बापाची चादर बदल."

तो आला, पण कॅमेऱ्यासकट. तिने कॅमेरा दाराबाहेर ठेवायला लावला आणि बापाला भरवायला त्याच्या हातात लापशीची वाटी दिली. दुसऱ्याच घासाला गेथिन त्याच्या अंगावर थुंकला. "हा कोण? याला घालव," तो बहिणीला म्हणाला. येस्तिन परसात जाऊन रडला. ती समजूत काढायला गेली नाही.

तो तीन आठवडे राहिला. तिने सांगितलेलं सगळं, तो शनिवारही, त्याने सिनेमात घातलं. क्लबने दाखवायला नकार दिला, म्हणून चर्चच्या हॉलमध्ये दाखवला. हेडन फिरकला नाही. गाव आलं आणि बघून गेलं. एका जुन्या खेळाडूची बायको मात्र तिचा हात धरून म्हणाली, "आमच्याकडेही विसरणं सुरू झालंय गं."

एअरवेनचा राग गेला नाही. आता दर शनिवारी सामन्याच्या वेळी येस्तिन कार्डिफहून येऊन बापापाशी बसतो आणि ती मैदानाच्या कडेला उभी असते. कुणाचं डोकं आपटलं की सरळ आत शिरते आणि त्याला कडेला आणते. तिला बाहेर काढायची पंचांचीही छाती होत नाही.