टँकरच्या रांगेसाठी आलेली बिस्किटं

सुमेधचा मी अपमान केला, आणि त्याच्या आईला फसवलं. कधी? गेल्या उन्हाळ्यात, पाण्याच्या मोर्च्याच्या आदल्या रविवारी, दुपारच्या चहाला. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरी नाही, समितीत नाही. जिला मी सगळं सांगते असं वाटतं, त्या मैत्रिणीलाही नाही.

दुसऱ्यांचे गुन्हे ठळक टायपात छापायची मला सवय आहे. स्वतःचा लिहायला बसले तर सकाळपासून नुसता चहाच होतोय.

मी पत्रकं लिहिते. आमच्या वस्तीच्या नळाला पाणी येत नाही, टँकर त्याच्या मर्जीनं येतो, म्हणून आमची एक समिती आहे. समिती भांडते, मी ते भांडण कागदावर उतरवते. एकदा पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी आम्हाला बैठकीला बोलावलं. आम्ही विचारलं, पाणी कधी येणार? साहेब म्हणाले, "बिस्कीट घ्या ना." पुन्हा विचारलं. "घ्या हो ताई, संकोच करू नका." माझं डोकं असं तापलं की घरी येऊन चप्पल न काढता एक ओळ लिहिली — बशीत बिस्किटं, नळात वारा. ती ओळ लई चालली. भिंतींवर गेली, रिक्षांच्या मागं गेली, बायांच्या तोंडात बसली.

आता तुम्हीच सांगा, अशी ओळ लिहिणाऱ्या बाईनं चारचौघांत बिस्कीट खायचं कसं?

कारण — इथं खरं बोलायलाच हवं — खाल्ल्याशिवाय मला अक्षर सुचत नाही. रागाची सुरुवात करायची तर मला बटर लागतं, ते टणक, गोल, चहात बुडवूनही आपला ताठा न सोडणारं. मागण्या लिहिताना जिरं घातलेला टोस्ट. शहागंजातली खारी आणली की कागदभर पापुद्रे पडतात, ते बोटाच्या टोकानं टिपत टिपत मी कित्येक शब्द खोडलेत, आणि खोडलेलेच बरे होते. नानखटाई मात्र मथळा जमल्यावर. आधी खाल्ली तर मथळा गोड होतो, आणि गोड मथळ्याला कुठला साहेब घाबरतो? मुरमुरे-फुटाणे हिशेबाच्या परिच्छेदाला. क्रीमरोल लिहिताना नाही — त्याला दोन्ही हात लागतात आणि पूर्ण इमान.

हे सगळं दार लावून. समितीच्या खोलीत जुन्या बॅनरांच्या मागं माझा डबा असायचा. बाहेर मी कोऱ्या चहावाली, कडक. नियमसुद्धा मीच केला होता, पत्रकाच्या टेबलावर चहाशिवाय काही नको. लोक मानायचे मला त्याबद्दल. आणि मला ते आवडायचं. लई आवडायचं.

सुमेध देवगाव रंगारीचा. शिकायला इथं आलेला, माझ्याहून लहान, बोलायला लाजरा. पण लिहायचा! त्या रविवारी त्यानं टँकरच्या रांगेवर अर्धं पान लिहिलं होतं — बायांच्या आधी घागरी रांगेत उभ्या राहतात, आणि एखादीची घागर हलवली तर ती बाई घरात बसल्या जागेवरून उठते. मी ते दोनदा वाचलं. हे मला सुचलं नव्हतं.

तेवढ्यात त्यानं पिशवीतून डबा काढला, मोठा, पत्र्याचा. घरची बिस्किटं. तुम्हाला ठाऊक आहे ना आपल्याकडची रीत, रवा, मैदा, पिठीसाखर आणि घरचं तूप घेऊन भट्टीवर जायचं आणि आपल्या समोर भाजून आणायची? त्याची आई, वच्छलामावशी, त्यासाठी कन्नडच्या भट्टीपर्यंत जायच्या. आपलं तूप दुसऱ्याच्या पिठात जाऊ नये म्हणून बिस्किटांचे पत्रे भट्टीबाहेर येईस्तोवर जागच्या हलायच्या नाहीत. सुमेधनं झाकण उघडलं आणि वेलदोड्याचा वास सगळ्या खोलीत फिरला. सगळ्यांचे हात थांबले. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी काय बोलले? म्हणाले, "सुमेध, हे पत्रक आहे, साखरपुड्याचा फराळ नाय. बिस्कीट खात लिहिलेल्या ओळीला तुपाचा वास येतो. आईला सांग तुझ्या, चळवळीला साखर चालत नाय."

हसले सगळे. मी हसवलं. त्याला लागलं ते आईचं नाव घेतल्यानं, हे मला त्याच क्षणी दिसलं — आणि तरी मी थांबले नाही. राग बिस्किटांचा होता का? मुळीच नाही. त्या अर्ध्या पानाचा होता.

त्यानं झाकण लावलं. पान घडी करून खिशात घातलं. म्हणाला, "मी पोस्टरं लावायला जातो, ताई. डबा असू दे इथंच, कुणाला लागला तर."

मला लागला. सगळे गेल्यावर मी दार लावलं आणि झाकण उघडलं. काय बिस्किटं होती! दातांखाली रवा कुरकुरायचा, मग तूप, मग कुठूनतरी मागून वेलदोडा. आठवडाभर मी ती खात लिहिलं, आणि माझ्या पत्रकांना एवढी धार कधीच आली नव्हती.

पुढच्या रविवारी त्यानं डबा मागितला. मी म्हणाले, "वाटून टाकली. टँकरच्या रांगेत, बायांना."

त्याचा चेहरा असा फुलला की काय सांगू. तिथंच आईला फोन लावला. "आई, तुझी बिस्किटं रांगेतल्या बायांनी खाल्ली. सगळी!" पलीकडून मावशींचा आवाज मलाही ऐकू येत होता. पुढच्या खेपेला डबा आला तो आधीच्यापेक्षा मोठा.

आता तरी रांगेत न्यायचा ना? न्यायचाच होता. एकच चाखून. मग दुसरं. मावशी फोन करायच्या, "काय म्हणल्या गं बाया?" आणि मी — ठळक टायपात खरं छापणारी — बायांची मतं रचायला लागले. आमच्या रांगेतल्या शाहेदाखाला म्हणतात वेलदोडा वाढवा. एका आजीला साखरेचा त्रास आहे, गोड जरा कमी. कुणाला तरी ओवा आवडतो. पुढच्या डब्यात मावशी अगदी तसं करून पाठवायच्या. म्हणजे बघा, देवगावातली एक बाई नसलेल्या रांगेचं मन राखत होती, आणि मी बसल्या जागी माझ्या जिभेला हवी तशी बिस्किटं घडवून घेत होते. कुठल्या साहेबाला जमलं असतं हे?

मग एका शनिवारी मावशींचा फोन आला. "उद्या येते मी. बायांना डोळ्यानं बघते."

रविवारी टँकरच्या आधी मी रांगेत पोचले, उरलेला डबा छातीशी धरून. शाहेदाखालांना कोपऱ्यात घेतलं आणि सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, आज एक मावशी येतील, त्यांना म्हणा की ही बिस्किटं तुम्ही नेहमी खाता. खालांनी डब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "खाया किसने, तारीफ कौन करे? पहले खिला तो."

त्यांनी एक खाल्लं. मग हाका मारून सगळी रांग गोळा केली. टँकर यायच्या आत डबा रिकामा. मावशी एसटीतून उतरून आल्या तेव्हा बाया त्यांच्याभोवती अशा जमल्या, जशी वर्षानुवर्षांची ओळख. कुणी म्हणालं ओवा जरा जास्त झाला, कुणी म्हणालं पुढच्या वेळी तीळ टाका. मावशी पदरानं तोंड पुसत हसत होत्या. भट्टीवाला कसा तूप बदलायला बघतो ते खालांना सांगत होत्या, खाला त्यांना आपल्या भट्टीवाल्याच्या करामती सांगत होत्या. टँकर आला तर खालांनी आपल्या घागरी दुसऱ्यांकडं सोपवल्या. त्या रांगेत एवढं हसू मी कधी बघितलं नव्हतं. माझी लबाडी उघडी पडायच्या ऐवजी खरी होऊन गेली होती. त्या दिवसापासून डबा खरोखर रांगेत जातो.

मी सुटले. आणि तेवढ्यात मावशी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पोरी, आमच्या सुमेधला लिहायला बसवत जा गं. घरी बिस्कीट खात पानंच्या पानं लिहायचा. आताशा नाय लिहीत. विचारलं तर म्हणतो, ताई लिहितात."

तेव्हा बोलायचं होतं. मी म्हणाले, "हो मावशी, बसवते." नाही बसवलं. का? त्या अर्ध्या पानाला मी घाबरले होते, अजून घाबरते.

बिस्किटांचं जाऊ द्या, ती मी खाल्ली आणि मजेत खाल्ली. पण एका लिहित्या पोराचा हात मी थांबवला, आणि चळवळीच्या नावानं थांबवला. उद्या सकाळच्या एसटीनं देवगावला जाते. मावशींना हे छापील कागदावर नाही, तोंडानं सांगायचंय.

आणि सुमेध? छापखान्यातून पत्रकांचा गठ्ठा तोच आणतो आणि वाटतोही तोच. वाटण्याआधी एक कागद काढून उभ्या उभ्या वाचतो. न वाचता तो काही कुणाच्या हातात देत नाही. म्हणजे हे पत्रक तुमच्या दारात आलं असेल, तर त्यानं हे सगळं वाचलंय. वाचून आणलंय.

मला भेटून काही बोलू नका. तो अजून तुमच्या गल्लीतच असेल. त्याला हाक मारा, आत घ्या, बसवा. चहा टाका, घरात कुरकुरीत जे काही असेल ते समोर ठेवा, आणि तुमच्या नळाचं पत्रक त्याच्याकडून लिहून घ्या. तो म्हणेल, ताई लिहितात. ऐकू नका.