लोणच्याची बरणी आणि बंद फाटक

तंबू नव्हतेच हो! सुट्टीत येऊन आम्ही राहायचो त्या तंबूंच्या जागी तलावाकाठी नुसते सिमेंटचे ओटे, त्यांच्याभोवती वाळकं गवत, आणि फाटकाला हे एवढं कुलूप. रखवालदार म्हणाला, "आजी, कंपनीचं दिवाळं निघालं. तंबूसुद्धा लिलावात गेले."

मी लिंबाच्या लोणच्याची बरणी हातात धरून तशीच उभी. इथे आम्हा सभासद बायकांची एक रीतच पडली होती. निघताना सामाईक स्वयंपाकघरात मागून येणाऱ्यांसाठी काहीतरी ठेवायचं, कुणाचं मेतकूट, कुणाची चटणी. कोण खायचं, कधी कळलं नाही. पण पुढच्या खेपेला आपली बरणी घासूनपुसून फळीवर असायची.

ह्या सुट्टीच्या तंबूंचे पैसे एकदम भरून आजन्म सभासद होताना आमच्या ह्यांनी कंपनीच्या माणसाला विचारलं होतं, "आमच्यानंतर हे सभासदत्व मुलांना चालेल ना?" बघा, काळजी आमच्या मरणाची! कंपनीच आपल्याआधी जाईल, हे मनात तरी कसं यावं?

परत गाडीत बसले. लेक म्हणाली, "आई, बरणी खाली ठेव ना, हात अवघडतील."

मी ती मांडीवरच धरली. मागून येणारं कुणी उरलंच नाही, तर ठेवायची तरी कुणासाठी?