आबांच्या गाडीचा मिस्त्री

कुठलीही जुनी गाडी दारात आली की दस्तगीरचाचा आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढायचे, तिथं कान लावायचे आणि मालकाला चावी फिरवायला सांगायचे. पंपाची गुणगुण ऐकू आली की म्हणायचे, "जित्ता हाय गड्या!" आणि मग चहा सांगायचे.

आष्ट्यात त्यांचं गॅरेज एका टोकाला, माझं दुसऱ्या. माझ्याकडं लांबलांबून गिऱ्हाईक यायचं. पण माझे वडील, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले आबा, आपली जुनी गाडी माझ्या दारावरून चाचांकडं न्यायचे. त्या गाडीला एकदा तरी माझा हात लागावा, एवढंच मला हवं होतं. चाचांचं नुसतं नाव निघालं तरी माझ्या पोटात दुखायचं.

एकदा गाडी आमच्या अंगणातच बंद पडली. पंप गप्प होता. मी मागची सीट उचलली, तर पंपाच्या अर्थिंगचा नट गंजलेला. पाना हातात घेतला, तोच आबा ओरडले, "हात लावू नगंस. दस्तगीर येतूय."

चाचा आले. आधी चहा झाला. मग फ्यूज, मग रिले, मग एकेक वायर, आणि मध्येमध्ये आबांच्या पलटणीतल्या गोष्टी. "सुभेदार, करंट म्हंजी पाव्हणा. आला कुटनं तेवढंच बगून भागत न्हाई, नीट माघारी गेला का तेबी बगाय लागतं." असं करत ते संध्याकाळी त्या नटापाशी पोचले. तो मला दुपारीच दिसला होता, हे मी बोलून दाखवलं.

"पोरगं हुशार हाय तुमचं," चाचा हसले, "मला उगंच बलिवलंसा."

ते कौतुक मला शिवीपेक्षा जास्त झोंबलं. आबांनी तर ऐकलंच नाही.

गेल्या उन्हाळ्यात चाचा गेले. आबा मातीला जाऊन आले आणि जेवले नाहीत. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, हलकंही वाटलं. आता गाडी माझ्याकडंच येणार होती. ती कधी बंद पडते याची मी वाटच बघत होतो. त्याआधीच एका सकाळी ओट्यावर चहा पिताना आबा म्हणाले, "गाडीला गिऱ्हाईक बग."

"आवं, इकताय कशाला? मी हाय की नीट कराय."

आबांनी कप खाली ठेवला.

"तू लय झटक्यात नीट करतूस रं. मग दिसभर मी बसू कुणापाशी?"

मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो.