खुर्चीतला खळगा

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, खुर्च्यांच्या आणि कोचांच्या गाद्या भरतात. चाळीस वर्षं हेच काम. गिऱ्हाइकानं जुनी खुर्ची दुकानात आणली, की ते आधी तिच्या बैठकीवरून तळहात फिरवतात आणि विचारतात, "घरात कुणाचा उजवा गुडघा दुखतो का?" गिऱ्हाईक चाट पडतं. बैठकीला पडलेला खळगा बघून बसणारा वजनानं केवढा, तापट की निवांत, उठताना कुठल्या हातावर भार देतो, सगळं ते सांगतात. एकदा एका बाईंना म्हणाले, "या खुर्चीवर साहेब बसत नाहीत, नुसते टेकतात. घरी फारसे थांबत नाहीत वाटतं." बाई तडक खुर्ची उचलून गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. जिभेला हाड नाही तुमच्या, असं ताई त्यांना म्हणायची.

ताई, माझी बहीण, जाऊन चार वर्षं झाली. दुकानामागच्या खोलीत, खिडकी उजव्या हाताला येईल अशी, तिची हिरव्या कापडाची खुर्ची आहे. तिथं बसून ती गिऱ्हाइकांच्या गाद्यांना बटणं लावायची. तिचा खळगा मधोमध नव्हता, डावीकडे होता. "कंबर दुखायची तिची, म्हणून कलायची," भाऊजी सांगायचे. ती गेल्यावर त्यांनी त्या खुर्चीवर कुणाला बसू दिलं नाही. झाडतानासुद्धा नुसती फुंकर मारायचे. गावभरच्या गाद्या भरणाऱ्या माणसाच्या घरात एकच खुर्ची खचलेली होती आणि तिच्यात त्यांचा जीव अडकला होता.

मी वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करते. दुसऱ्या ग्रहावरून कुणी भेटायला आलं, अशा कादंबऱ्या हा माझा जुना नाद, आणि त्यांच्यावरून काढलेले सिनेमे हा माझा जुना राग. पुस्तकातला पाहुणा पानापानांतून दबक्या पावलांनी येतो. सिनेमातला दार मोडून येतो आणि आल्या आल्या पूल पाडतो. ताई गेल्यावर भाऊजींची दुपार सरेना, म्हणून मी त्यांना त्यातलीच एक कादंबरी दिली. एकट्या राहणाऱ्या एका शिक्षिकेच्या स्वयंपाकघरात कुणीतरी येतं. ते कसं दिसतं हे लेखकानं तीनशे पानांत एकदाही सांगितलेलं नाही. ते आलं की दिव्याची ज्योत जराशी बारीक होते आणि टेबलापाशी ठेवलेल्या रिकाम्या खुर्चीची गादी दबते, एवढंच. बाई त्या खुर्चीशी बोलत राहते. मग एके दिवशी ते निघून जातं, खळगा मागे राहतो. अकरा दिवसांनी तोही भरून येतो. शेवटच्या पानावर बाई ती खुर्ची खिडकीत ओढते आणि स्वतः तिच्यावर बसून मटार सोलते.

भाऊजींनी पुस्तक चार वेळा वाचलं. "वाचकबाई," ते मला म्हणाले, "हा लेखक कधीतरी गाद्या भरत असणार."

आणि मग गंमत बघा, त्याच कादंबरीवर सिनेमा काढणारी मंडळी चित्रीकरणाला आमच्याच गावात आली आणि फोमसाठी भाऊजींच्या दुकानात शिरली. त्यांना सात पाय हवे होते.

"कुणाचे?" भाऊजींनी विचारलं.

"परग्रहवासीयाचे," दिग्दर्शक म्हणाला.

"पुस्तकात त्याला पाय नाहीत."

"लोकांना काहीतरी दिसायला तर पाहिजे ना, काका."

भाऊजींनी सात पाय केले. कामाला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नाही. आठवडाभर दुकानात फोमची पांढरी भुकटी तरंगत होती. खिडकीतून तिरपं ऊन यायचं, त्यात ती खाली बसायची नावच घ्यायची नाही, आणि मधोमध भाऊजी एका निळ्या मांडीला टाके घालत बसलेले. मी दारात उभी राहून ते बघत राहायचे आणि वाचनालयाची वेळ विसरायचे. पाय देताना त्यांनी दिग्दर्शकाला एकच विनंती केली. निदान शेवटी, तो निघून गेल्यावर, ती खुर्ची दाखवा. दिग्दर्शक तयार झाला, पण खळगा खरा वाटला पाहिजे म्हणाला.

भाऊजींनी तीन खुर्च्या करून पाहिल्या. वाळूचं पोतं ठेवलं, दोन दिवस दगड ठेवले. मग तळहात फिरवायचे आणि मान हलवायचे. "हा पोत्याचा खळगा आहे. यात कुणी बसलेलं नाही."

तेव्हा मी म्हणाले, "ताईची खुर्ची द्या."

माझंच तोंड. त्यांनी ते तोंडातून काढलंही नसतं.  दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्चीवर चादर बांधली, टेम्पोत स्वतः तिच्यापाशी बसून गेले आणि तिथल्या प्रत्येकाला सांगून आले, हिच्यावर कुणी बसायचं नाही. कुणी बसलंही नाही. पंधरा दिवसांनी खुर्ची परत आली. चादर सोडली, तर हिरवं कापड धुतलेलं, बैठक टणक, फुगलेली, कोरी. मंडळींना वाटलं होतं, म्हाताऱ्यानं एवढा जीव लावून खुर्ची दिली, बिचारी खचलेली आहे, उपकारांची फेड म्हणून नीट करून द्यावी. दुसऱ्या एका कारागिराकडून त्यांनी ती भरून घेतली होती. सोबत फुलं होती.

मी त्या टेम्पोवाल्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि त्यात त्याचा काडीचा दोष नव्हता. भाऊजींनी बैठकीच्या कडेवरून बोट फिरवलं. "टाके सरळ आहेत," ते म्हणाले आणि दुकानात जाऊन बसले. त्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सिनेमा लागला. मी पाहणार नव्हतेच. पण दुसऱ्या आठवड्यात कळलं की भाऊजी रोज दुकान बंद करून तीनच्या खेळाला जातात. मला संताप आला. एवढं होऊन पुन्हा त्याच लोकांचा सिनेमा? जाब विचारायला म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले. थिएटर रिकामंच होतं. पडद्यावर सात निळे पाय शहरभर धावत होते, विमानं पडत होती, पुस्तकातली शिक्षिका चक्क बंदूक चालवत होती आणि भाऊजी शांतपणे झोपले होते. अर्धवट अंधारात, त्या मऊ खुर्च्यांत, मलाही पेंग आली. आपण पाण्याखाली बसलो आहोत आणि वरून कुणाची तरी घरं, माणसं तरंगत चालली आहेत, असं काहीसं वाटत होतं. मग त्यांनी माझ्या हाताला हळूच स्पर्श केला. "आता."

सगळा आवाज थांबला होता. पडद्यावर एक खोली होती, उजवीकडे खिडकी आणि उजेडात ताईची हिरवी खुर्ची. डावीकडे तोच खळगा, आत्ताच उठून चहा टाकायला गेल्यासारखा. मी मोजले, सहा सेकंद. मग नावं यायला लागली.

जन्मभर मी सिनेमांना नावं ठेवली. त्या दिवशी मी तिथं बसून रडले. पुस्तकानं जे अकरा दिवसांत मिटवून टाकलं, ते त्या मठ्ठ सिनेमानं जपून ठेवलं होतं.

मग मीही रोज जाऊ लागले. तिकीटवाली आम्हाला 'निळ्या पायांचे भक्त' म्हणायची. शेवटच्या गुरुवारी सिनेमा उतरायचा होता. त्या दिवशी बाहेर पडताना मी सहज म्हणाले, "भाऊजी, बटणं लावायला उजेड लागतो. आपल्या मागच्या खोलीतही उजेड उजवीकडूनच येतो. मग ताई उजेड सोडून डावीकडे का कलायची?"

"कंबर," ते म्हणाले. चार पावलं चालले आणि थांबले. "कंबर तर तिची शेवटच्या दोन वर्षांत दुखायला लागली. खळगा त्याच्या कितीतरी आधीचा."

घरी आले ते थेट मागच्या खोलीत गेले. खुर्ची तिच्या जागीच होती, कोरी. कादंबरीतली बाई बसते तसे, चार वर्षांत पहिल्यांदा, ते तिच्यावर बसले. आधी ताठ बसले, पाहुण्यासारखे. समोर फक्त दाराची चौकट आणि कपाटाची कड. मग ते थोडे डावीकडे कलले. आणखी थोडे. आणि तिथंच राहिले.

मी म्हणाले, "काय झालं?"

त्यांनी दारातून पलीकडे, दुकानाकडे बोट केलं. जगातल्या कुणाच्याही बैठकीवरून त्याचं मन सांगणारा माणूस, त्याला हा एक खळगा कधी वाचता आला नव्हता.

"इथून," ते म्हणाले, "मी कामाला बसतो ते स्टूल दिसतं."