पूजेतला जॅक

नेरच्या मोटार स्टँडमागं, अमरावतीच्या रस्त्याला लागून नागोराव मिस्त्रीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणायचं ते कौतुकानं. चार बल्ल्या, वर टिनं, तिन्ही बाजूंनी टिनाच्याच भिंती आणि पुढं दोन झडपांचं दार. दाराला कुलूप मात्र असं दांडगं, की परक्या माणसाला वाटावं आत सावकाराची तिजोरी आहे. आत होती ती एक लाकडी फळी. सारा तालुका ती फळी बघायला यायचा.

फळीवर खिळे ठोकून नागोरावनं पाने टांगले होते, धाकट्यापासून थोरल्यापर्यंत, पंगतीला बसवल्यासारखे. त्यांच्या शेजारी पक्कड, पेचकस, छन्न्या, हातोडे. प्रत्येक हत्याराच्या मागं त्याच्याच मापाची आकृती काळ्या तेलरंगानं रंगवलेली होती. पाना कामाला काढला की फळीवर त्याची काळी सावली उरायची. संध्याकाळी दार लावायच्या आधी नागोराव फळीसमोर उभा राहायचा आणि एखादी सावली रिकामी दिसली की ओरडायचा, "कोनाची सावली उपाशी हाय रे?" मग कुणीतरी ड्रायव्हर ओशाळून खिशातून पेचकस काढून द्यायचा. ड्रायव्हर लोक हसायचे. म्हणायचे, नागोराव बायकोची एवढी वाट पाह्यत नाही, जेवढी पान्याची पाह्यते.

या साऱ्या पसाऱ्यात सावली नसलेलं एकच हत्यार होतं. मागच्या कोपऱ्यात, एका पाटावर, पेच फिरवून गाडी उचलायचा जुना जॅक उभा होता. त्याच्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढलेली होती आणि ती आता वाळून काळपट पडली होती. नागोराव त्या जॅकला कधी हात लावायचा नाही. कामासाठी त्यानं दुसरा जॅक आणला होता. नव्या माणसानं कोपऱ्यातला जॅक उचलायला हात पुढं केला, तर नेहमी शांत असणारा नागोराव वसकन अंगावर यायचा.

तो जॅक पूनमसिंग उस्तादांचा.

पूनमसिंग जवळच्या तांड्यातले. त्यांच्या बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुख तुडवला होता. बैल गेले, मोटारी आल्या, तसे पूनमसिंग मोटारीकडं वळले. पण लादणीचा हिशेब त्यांच्या हातातून गेला नाही. त्यांची हत्यारांची पेटी बैलाच्या पाठीवरच्या गोणीसारखी भरलेली असायची. दोन्ही बाजूंना सारखं वजन, आणि जे आधी लागणार ते वर. पेटीकडं न बघता ते हात घालायचे आणि नेमका पाना काढायचे. "बैलाची पाठ सोलली नाही पायजे, अन् मिस्त्रीचा हात चाचपडला नाही पायजे," असं ते म्हणत.

नागोराव त्यांच्या हाताखाली तयार झाला. गावाबाहेरच्या वस्तीतला पोरगा म्हणून स्टँडवरचा हॉटेलवाला त्याचा कप वेगळा, खुंटीला टांगून ठेवायचा. पूनमसिंगच्या माठावर मात्र एकच पेला होता आणि तो दोघांचा होता. या एका पेल्यासाठी नागोरावनं उस्तादांवरून जीव ओवाळून टाकला असता, आणि त्यात नवल काही नव्हतं.

खंडेनवमीला गॅरेजात हत्यारांची पूजा व्हायची. हत्यारं घासून, पुसून, कुंकू लावून मांडायची आणि एकदा पूजेला बसली की दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हा रिवाज. मांडामांड नागोरावकडं असायची. तो दरवर्षी जॅक आणि चार पाने पूजेबाहेर ठेवायचा. रस्त्यावरच्या मोटारीला सण कळत नाही, असं त्याचं म्हणणं. उस्तादांनाही ते पटायचं.

छप्पन सालच्या नवमीला मात्र नागोरावचा पाय जमिनीवर नव्हता. दुसऱ्या दिवशी नागपूरला दीक्षा होती. वस्तीतली माणसं दुपारच्या आत ट्रकनं निघणार होती आणि नागोराव त्यांच्यात होता. पांढरे कपडे धुवून घडी घालून ठेवले होते. देवाधर्माचं त्याचं हे शेवटचंच काम. म्हणून त्यानं ते हौसेनं केलं. रॉकेलनं एकेक हत्यार घासलं, सगळी पेटी रिकामी करून मांडली आणि मधोमध जॅक बसवला. त्याच्यावर कुंकवाची बोटं ओढली.

पूनमसिंग बघून हसले. "सारेच बसवले काय रे?"

"शेवटची पूजा हाय माही, उस्ताद. उद्यापासून हे हात जोडन्याचं काम बंद."

"बसू दे मंग. तू जाऊन ये. आल्यावर मले सांगजो, का काय पाह्यलं थे."

नागोराव नागपूरहून परतला तो छाती भरून, मान वर करून. एवढा सुखी तो जन्मात कधी नव्हता. स्टँडवर उतरला आणि हॉटेलवाल्यानंच त्याला सांगितलं. नवमीच्या दुपारी तांड्यातल्या लखीरामचा ट्रक आला होता. चाकावरच्या कमानीचा पाटा तुटलेला. सणाला घरी पोचायचं म्हणून लखीराम अडून बसला. त्याच्याकडं पाने होते, जॅक नव्हता. उस्तादांनी पहारीनं ट्रक उचलला, खाली दगड लावले आणि ते आत शिरले. दगड सरकले. कुंकू लावलेला जॅक पाच हातांवर उभा होता.

त्या दिवसापासून नागोरावच्या मनात एकच गोष्ट किडीसारखी शिरली. जॅक पूजेबाहेर ठेवला असता तर उस्ताद वाचले असते. ही गोष्ट त्याला कुणी म्हटली नाही. उस्तादांची बायको रुपीबाई, जिला तो भाभी म्हणायचा, तिनंही चकार शब्द काढला नाही; उलट निरोप पाठवला, की गॅरेज तूच चालव. नवमीच्या त्या दुपारी ती नैवेद्य घेऊन गॅरेजातच आली होती, सारं तिच्या डोळ्यांदेखत झालं होतं. पण ती रडली नाही, असं लोक सांगत. त्यानंतर तिनं गॅरेजात पाय टाकला नाही. बाजाराला आली तरी रस्त्याच्या पलीकडून जायची.

इतर हत्यारं नागोरावनं हळूहळू कामाला घेतली. उस्तादांच्या पेटीत हात घालवेना, म्हणून फळी केली, सावल्या रंगवल्या. जॅक तेवढा पाटावर राहिला. त्याची पूजा उचलायची कुणी? ज्यानं पूजा सोडली, त्यानं कोणत्या तोंडानं उचलावी?

आणि पुढच्या दसऱ्याला जॅक चालला.

उस्ताद गेले तो दिवस, म्हणून नवमीला नागोरावनं गॅरेज बंद ठेवलं होतं. दसऱ्याला सकाळी, पंचशीलेच्या झेंड्याकडं जायच्या आधी नागोरावनं सहज दार उघडलं. जॅक पाटावर नव्हता. तो पुढं, मधोमध, उस्ताद जिथं ट्रकखाली दबले होते नेमका तिथं उभा होता, आणि त्याचा पेच पार वरपर्यंत फिरवलेला होता. कुलूप तर जसंच्या तसं होतं. कुलपाला किल्ल्या दोन. एक नागोरावकडं, दुसरी उस्तादांच्या करदोट्याला. ती त्यांच्याबरोबर चितेवर गेली, असं सारे समजून होते.

नागोरावनं दार आतून ओढून घेतलं, पेच खाली उतरवला, जॅक पाटावर नेऊन ठेवला आणि कुणाजवळ बोलला नाही. बोलणार काय? देव सोडलेल्या माणसानं भूत धरून ठेवलंय म्हटल्यावर वस्ती हसली असती. पण पुढच्या दसऱ्यालाही तेच. त्याच्या पुढच्याही. दरवर्षी तो जॅक उतरवायचा, पाटावर ठेवायचा, आणि मग झेंड्यापुढं उभा राहून वंदना म्हणताना त्याला उस्तादांचा आवाज ऐकू यायचा: सारेच बसवले काय रे?

चौथ्या वर्षी त्यानं बायकोला, इंदूबाईला सांगितलं. इंदूबाई बाई मोठी रोखठोक. "भूत नाही अन् काही नाही. पन तुमी वाळून चालले, थे मले दिसते. यवतमाळले एसटीच्या कारखान्यात मिस्त्री घेऊन राह्यले. कायले येथं मराले बसता?"

नागोराव विचार करत राहिला. गॅरेज सोडायचं म्हणजे फळी सोडायची, तो माठ सोडायचा, उस्तादांची जागा सोडायची. पण दरवर्षी दसरा जवळ आला की तो भरल्या ताटावरून उठायचा, हेही खरं होतं. शेवटी एकसष्ट सालच्या नवमीला त्यानं ठरवलं. या वेळी स्वतः आत बसायचं. जॅक आपोआप हलला, तर दुसऱ्याच दिवशी बिऱ्हाड बांधायचं.

गॅरेजात मागं एक मोडकी लॉरी होती. मालक ठेवून गेला तो फिरकलाच नव्हता. सकाळी नागोराव तिच्या केबिनीत जाऊन बसला आणि इंदूबाईनं बाहेरून कुलूप घातलं. जाताना टिनावर थाप मारून ती म्हणाली, "भूत आलं तं भाकर खाल्ली काय विचारजा त्याले."

दुपार झाली. टिनं तापून कडकड वाजायला लागली. फळीवरचे पाने आपापल्या सावल्यांवर निमूट बसले होते. नागोरावचा डोळा लागत आला होता, तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली.

त्याची किल्ली तर इंदूबाईच्या कमरेला होती, आणि इंदूबाई एव्हाना घरी होती. नागोराव केबिनीत खाली वाकला. दाराची एक झडप सरकली, उजेडाचा पट्टा आत आला आणि त्यातून घागरा सावरत रुपीबाई आत आली.

तिनं दार लोटून घेतलं. करदोट्याची किल्ली ओढणीच्या टोकाला बांधली. आपलं घर असावं तशी ती नीट कोपऱ्यात गेली, दोन्ही हातांनी जॅक पोटाशी धरून पुढं आणला आणि त्या जागी टेकवला. मग दांडा घालून सावकाश फिरवायला लागली. पेच कर्रकर्र करत वर आला. ती तांड्याच्या गोरबोलीत बोलत होती. उस्तादांच्या हाताखाली वर्षं काढलेल्या नागोरावला त्यातला शब्द न् शब्द कळत होता.

"घ्या," ती म्हणत होती. "तेव्हा म्हटलं, कुंकवाच्या हत्याराला आज हात लावू नका. तुम्ही जॅकला हात घातला होता, माझ्या शब्दासाठी मागं घेतला. आता मीच देते ना. लावा खाली, आणि निघा बाहेर."

पेच पुरता वर आला. ती तशीच उकिडवी बसून राहिली.

"दर साली देते. दर साली तुम्ही उतरवून परत पाटावर नेऊन ठेवता. माझ्या हातचं घ्यायचंच नाही? किती राग धरावा माणसानं?"

नागोरावच्या छातीवरचा पाच वर्षांचा धोंडा कुणीतरी उचलला. उस्तादांचा हात जॅकपर्यंत गेला होता! लाजिरवाणी गोष्ट आहे, पण त्याला पहिल्यांदा आनंदच झाला. आणि लगेच त्याला वाटलं, हाच धोंडा आता हिच्याही छातीवरून उतरवता येईल. एका वाक्याचं तर काम. तो खाली उतरला. केबिनीचं दार करकरलं.

"कोन?" रुपीबाई ताडकन उठली.

"मी हावो भाभी. नागोराव." तो दोन पावलं पुढं आला. "भाभी, उस्तादाचा राग-गिग काही नाही. जॅक मी नेऊन ठेवत होतो पाटावर. दर दसऱ्याले. मले वाटे उस्तादच काढून राह्यले, मले दाखवाले."

"तू?"

"हो."

"चारी डाव?"

"चारी डाव मीच."

आता ती सुस्कारा टाकेल, असं त्याला वाटलं. ती हळूहळू खाली बसली. हात जॅकवर ठेवला.

"मंग थे एक डावबी नाही आले?"

नागोरावनं जॅकचा दांडा उचलून हातात घेतला.

"रागानं का होईना, पन येत होते नं रे," ती म्हणाली. "सालातून एक डाव तरी. आता मी कोनाशी बोलू?"

आणि छप्पन साली न रडलेली रुपीबाई त्या टिनाखाली मोठ्यानं रडली. नागोराव तिच्यासमोर दांडा हातात धरून उभा होता. सारेच बसवले काय रे, हा आवाज त्याला आता ऐकू येत नव्हता, आणि तो येत नाही म्हणून त्यालाही ओकंओकं वाटलं.

नागोराव यवतमाळला गेला नाही. दसऱ्याला झेंड्याकडून परतल्यावर त्यानं जॅक रॉकेलनं धुतला, कुंकू काढलं आणि गॅरेजाच्या मधोमध, त्याच जागी, जमिनीवर एक काळी गोल सावली रंगवली. जॅक तिथून कामाला जायचा आणि संध्याकाळी तिथंच परत यायचा.

पुढच्या नवमीला रुपीबाई उघड्या दारानं आली. धामणगावकडचा एक ट्रक अडला होता, म्हणून नागोराव काम करत होता. जमिनीवरची सावली रिकामी होती. तिच्यापाशी ती थांबली.

"कोन्या गाडीखाली हाय?"

नागोरावनं ट्रककडं बोट केलं. ती चाकाजवळ गेली, एक हात जमिनीला टेकवून वाकली आणि गाडीखाली बघायला लागली. बराच वेळ बघत होती. ट्रकचा ड्रायव्हर बाहेरचा, त्याला काय ठाऊक. तो खाली उतरला आणि भल्या मनानं म्हणाला, "बाई, काही हरवलं काय तुमचं?"