आतोबा आणि तुंबलेला पंप

आमच्या आतोबांच्या हाती लागलेली एकही वस्तू न उघडता सुटली नाही, हे सगळा खालापूर तालुका छातीठोकपणे सांगेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, खोपोलीच्या वीजघरात फिटर. लग्नाला निघाले तरी कोटाच्या आत पाना असायचाच. एकदा गोरज मुहूर्त पाच मिनिटांवर आला असताना त्यांनी मांडवातली एकुलती एक गॅसबत्ती ‘जरा फुरफुरते’ म्हणून खाली घेतली आणि खोलली. नवरदेवाने माळ घातली ती चुकून भटजींना. तेल जुनं की नवं हे ते जिभेवर थेंब ठेवून सांगत. यंत्राशी इतक्या मायेने बोलत, “कुटं दुकतं रं बाबा?”, की माणसांना हेवा वाटावा. कामावर खाकी चड्डी. पण घरी येऊन अंघोळ झाली की नेसायचं ते पेज लावलेलं कडक धोतर. त्याची सळसळ चाळीच्या टोकापासून ऐकू यायची आणि ती ऐकली की शेजारी आपापली गजराची घड्याळं लपवून ठेवत.

आत्याची बोटं मात्र वाताने आखडत चालली होती. डॉक्टरांनी धुणं बंद सांगितलं होतं, पण ती बादली घेऊन नदीवर जायची ती जायचीच. तेवढ्यात वीजघरातला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला आणि त्याने सामान विकायला काढलं. त्यात कपडे धुण्याचं विजेचं मशीन होतं. आतोबांनी जिवापाड जपलेली सायकल विकून ते घरी आणलं. पोटात कपडे घुसळणारं, डोक्यावर पिळायचे दोन रबरी रूळ आणि खाली मळकं पाणी बाहेर फेकणारा छोटा पंप. “आता नदी बंद!” असं त्यांनी सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं जाहीर केलं.

नदी पंधरा दिवसच बंद राहिली. मग पंप अडकला. आतोबांनी तो उघडला तर आतल्या चाकाला पांढुरकी, टणक खपली धरलेली. “पान्यात चुना हाय,” त्यांनी निदान केलं आणि पाणी गाळायला लावलं. पुन्हा पंप बंद. सायकल गेली तरी तिची एक जुनी ट्यूब घरी होती. ती कापून नवी चकती बसवली, पुन्हा बंद. मशीन चार विटांवर चढवलं, पुन्हा बंद. मजा अशी की सुट्टीच्या दिवशी आतोबा स्वतः आपले खाकी कपडे धूत तेव्हा पंप खडखडीत चाले, आणि ते कामावर गेले की तिसऱ्या दिवशी रुसे. सातव्यांदा पंप अडला तेव्हा आत्याने बादली उचलली. “ऱ्हाऊ द्या ते आता. मी उद्यापासून नदीवर जाते.” मी त्या दिवशी आमच्या गावाहून, पोशीरहून, तांदळाचं पोतं घेऊन गेलो होतो. आतोबांचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

त्यांनी चहाची बशी पुढे ओढली, खपलीचा तुकडा गरम चहात टाकला. तो हळूहळू मऊ पडला. त्यांनी तो जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि खाटेवरून ताडकन उठले.

“अगं, ही तर पेज हाय!”

“मंग? पेजच हाय,” आत्या शांतपणे म्हणाली. “शेवटच्या पान्यात वतते. मंग ती पंपातनं जाते.”

“आनि मला सांगितलं नाय?”

“तुमी मशीनला समदं इचारलंत. मला कुटं इचारलंत?”

आमच्याच पोशीरच्या तांदळाची पेज! गुन्ह्यात आमचंही अंग निघालं, म्हणून मी आणलेलं पोतं हळूच खाटेखाली सरकवलं. आतोबांनी उकळत्या पाण्याने पंप धुतला, बसवला, बटण दाबलं. मशीनने एक उचकी दिली आणि पाण्याची अशी धार मारली की ओटा ओलांडून ती थेट शेजाऱ्यांच्या कोंबड्यांवर गेली. कोंबड्या ओरडल्या, चाळ धावली, पोरांनी टाळ्या पिटल्या. “सुटला! पंप सुटला!” आतोबा ओल्या अंगाने प्रत्येकाचा हात हातात घेऊन हलवत होते. विजय इतका मोठा होता की आत्याला आधीच विचारलं असतं तर पंप सात वेळा अडलाच नसता, हे ते त्याच मिनिटाला विसरले.

गर्दी पांगल्यावर आत्या म्हणाली, “आता तुमच्या धोतरांना टोपात येगळी पेज लावीन, हातानं.” आतोबांनी तिच्या वाकड्या बोटांकडे पाहिलं. मग पंपाकडे पाहत म्हणाले, “नको गं. धोतराला काय उभं ऱ्हायाचं हाय?”

त्या दिवसापासून आतोबांचं धोतर मऊ झालं. माझ्या लग्नाला कर्जतला आले तेही पायांना चिकटणाऱ्या धोतरात. पाहुण्यांनी चेष्टा केली की म्हणत, “मशीनला पेज सोसत नाय रं.” घड्याळवाल्या शेजाऱ्यांची पंचाईत झाली, कारण आता ते आलेले कळत नसे.

आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. नंतर शेजारणीने एकदा मायेने त्यांचं धोतर पेज लावून, घडी घालून दिलं. आतोबांनी ते हसून घेतलं. ती घरी गेल्यावर ते बादलीत बुडवलं, सगळी पेज काढली आणि दोरीवर वाळत घातलं.